टाकीतली राख

"मडावीबाई, हवा सोडा! ट्रक खोळंबलेत," देवतळे साहेब ओरडले.

वीज केंद्राच्या उंच टाकीत राख घट्ट बसली होती. तळातून हवा सोडली की राख पाण्यासारखी वाहू लागते आणि खाली ट्रकमध्ये भरता येते. आत उभा माणूस तिच्यात बुडतो.

मडावीबाईंनी व्हॉल्व्हला हात घातला आणि टाकीच्या आतून ठकठक ऐकू आली.

"साहेब, आत कोणी आहे का?"

"कोणी नाही. सोडा लवकर!"

बाईंनी व्हॉल्व्हला कुलूप घातलं, शिडी चढून वरचं झाकण उघडून आत पाहिलं. सफाई कामगार शालिक भिंतीवरची राख खरवडत होता. कमरेला दोरसुद्धा नव्हता. त्यांनी हाका मारून त्याला बाहेर काढलं.

पापण्यांपर्यंत राखेनं माखलेला शालिक खाली उतरला, तेव्हा देवतळे साहेबांनी आपला रुमाल त्याच्यापुढे धरला.

"सकाळी मीच पाठवलं होतं त्याला," ते पुटपुटले. "विसरलो, बाई."