खटका एकदाच

"दाबून बघायचा नाही," आई म्हणाली. "नुसता खिशात ठेवायचा."

बाबांनी स्प्रे उजेडात धरला. अंगठ्याएवढी पांढरी नळी, खाली खटका. लेकीला, टिटवीला, फिट आली आणि पाच मिनिटांत थांबली नाही, तर तो नाकपुडीत धरून दाबायचा. सुई नको, आवळलेले दात उघडायला नकोत. पण आत औषधाची एकच मात्रा. एकदा दाबला की संपला.

"आणि ऐन वेळी चाललाच नाही तर?"

"चालतो."

"तू बघितलंस?"

बाबा प्लंबर होते. बसवलेला नळ दोनदा सोडून पाहिल्याशिवाय त्यांचा पाय कुणाच्या घरातून निघत नसे. घरातही तीच गत. नवी छत्री दिवाणखान्यात उघडायची, नवी काडेपेटी आली की एक काडी ओढायची. दवाखान्यातून सरावासाठी पाणी भरलेले दोन स्प्रे मिळाले होते. त्यातला एक बाबांनी दवाखान्याच्या जिन्यातच उडवला. दुसरा आईने पर्समध्ये टाकला.

आज टिटवीची आठशे मीटरची अंतिम शर्यत होती. डॉक्टरांनी वर्षभर तिला धावू दिलं नव्हतं. औषध सोबत असेल तरच, असं म्हणून आत्ता कुठे होकार मिळाला होता, आणि ती त्या दिवसापासून हवेतच होती. आईला शिवणाच्या कारखान्यातून सुटी नव्हती, म्हणून संघाच्या बसमधून बाबा निघाले. बस सुटताना आईने प्रशिक्षक ताईंच्या पिशवीत टिटवीचा टॉवेल कोंबला आणि हात हलवला.

मैदानावर बाबांचा हात सारखा खिशात जात होता. बसच्या धक्क्यांनी खटका अडकला असेल तर? उन्हाने नळी फुगली असेल तर? शर्यतीला दहा मिनिटं उरली तेव्हा ते कपडे बदलायच्या खोलीमागे गेले. हलकेच बघावं, अगदी हलकेच.

फुस्स. बारीक फवारा उडाला.

"चालतो," बाबा समाधानाने पुटपुटले. मग त्यांचं लक्ष खटक्याकडे गेलं. आत गेलेला खटका आतच राहिला होता.

ते धावतच ताईंकडे आले.

"तिला थांबवा. औषध मी वाया घालवलं. दाबून बघितलं."

ताईंनी स्टॉपवॉचवरून नजर उचलली. "धावू दे."

"अहो, मी काय म्हणालो ते ऐकलंत का?"

"ऐकलं, दादा. धावू दे तिला."

पिस्तूल वाजलं. बाबांना ताईंचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला.

टिटवी पहिल्या फेरीत पाचवी होती. दुसऱ्या फेरीत चौथी, मग तिसरी. शेवटच्या वळणावर ती बाहेरून सुटली आणि पुढच्या दोघींना मागे टाकून फीत छातीवर घेऊन गेली. बाबा हसत होते आणि रडतही होते.

फितीपुढे चार पावलांवर ती कोसळली.

बाबांनी तिला कुशीवर वळवलं, सदरा काढून डोक्याखाली घातला, घड्याळ पाहिलं. एक मिनिट. तीन. अंग झटके देतच होतं. चार. त्यांच्या मुठीत रिकामी नळी होती आणि आपण पोटच्या पोरीचे वैरी ठरलो, एवढंच त्यांना कळत होतं.

पाच.

ताई शेजारी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी पिशवीतला टॉवेल उलगडला, आतून पांढरी नळी काढली, टिटवीच्या नाकपुडीत धरली आणि खटका दाबला.

दोन मिनिटांत आवळलेल्या मुठी सैल पडल्या. मैदानावरच्या डॉक्टरांनी नाडी बघून मान डोलावली.

बऱ्याच वेळाने टिटवीने जड डोळे किलकिले केले. "कितवी?"

"पहिली," बाबा म्हणाले. "पहिली आलीस गं."

ती गालात हसली आणि पुन्हा झोपी गेली.

"हे तुमच्यासाठी," म्हणत ताईंनी टॉवेलला टाचलेली चिठ्ठी पुढे केली. शिवणाची मापं लिहायच्या कागदावर आईचं अक्षर होतं:

"अहो, तुमच्या खिशातला पाण्याचा होता. चालला ना?"