पंधरा आकडे

"आकडा तपासल्याशिवाय मी याला गाडीत घेणार नाही," अनघा म्हणाली. "तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. भलतंच कुत्रं गळ्यात माराल."

लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बंगल्याच्या अंगणात मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. सोपान निळ्या दोरीनं कुत्र्याला धरून उभा होता. त्याची बायको शकुबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. दारात वैरी आला तरी त्याला पाणी विचारतात, पण अनघाला तिनं विचारलं नाही.

भांडण या तांबड्या कुत्र्यावरून होतं. चार वर्षांपूर्वी नागफणीच्या डोंगरवाटेवर एका कुत्रीनं दोन पिल्लं घातली होती. बंगल्याच्या मालकिणीनं, म्हणजे अनघानं, हौसेनं त्यातलं एक उचललं, त्याचं नाव ब्रूनो ठेवलं आणि महिन्याभरात ती नोकरीसाठी जर्मनीला निघून गेली. जुलाबानं मरायला टेकलेलं पिल्लू बंगला राखणाऱ्या या नवरा-बायकोच्या पदरात पडलं. शकुबाईनं त्याला चमच्या-चमच्यानं पेज पाजून जगवलं. मोत्या म्हणून हाक मारली. पुढे अनघाचे फोन यायचे, पण ती विचारायची बंगल्याचं छप्पर गळतंय का एवढंच.

गेल्या दिवाळीत तिला एकाएकी कुत्र्याची आठवण झाली. आता ती जर्मनीतून आयर्लंडला राहायला जाणार होती आणि तिथं तिला मोठं अंगण मिळणार होतं. मग फोनवरून हुकूम सुटू लागले. कुत्र्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवा, तिच्यात पंधरा आकडे असतात. मग पिसाळू नये म्हणून लस. महिन्यानं रक्त तपासायला परदेशी पाठवा, त्यानंतर तीन महिने थांबा. जर्मनीत त्याला पासपोर्ट मिळणार होता आणि आयर्लंडात शिरण्याआधी जंतांचं औषध दिल्याची नोंद त्या पासपोर्टात होणार होती.

"लस दिलीया की गावच्या शिबिरात," सोपान म्हणाला होता.

"ती चालत नाही! चिपच्या आधीची लस तिकडे धरतच नाहीत. सगळं पहिल्यापासून करा."

शकुबाईनं नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला होता. "मोत्या मिळनार न्हाई. मरायला टाकून गेलतात तवा कुटं व्हती माया?"

"कुत्रं माझं आहे, शकुबाई. आणि तुम्ही राहता ती खोलीही माझीच आहे. कुत्रं मिळालं नाही तर खोली रिकामी करा."

सोपानचं शेत डोंगराच्या कडेला, भाताचं खाचर दीड खाचर. तिथं अवजारं ठेवायचं एक खोपट होतं, माणसांना राहण्याजोगं नव्हे. शेवटी शकुबाई म्हणाली, "न्या. पर दावं देनार न्हाई."

घरचं जनावर परक्याच्या दारी गेलं तरी त्याचं दावं घरातच ठेवायचं, नाहीतर दाव्याबरोबर लक्ष्मी जाते. शकुबाईच्या खुंटीवर अशी तीन दावी होती, दोन बैलांची आणि एका गाईची. अनघाला ही अडाणी अडवणूक वाटली. दावंसुद्धा घेऊन जाईन, असं तिनं फोनवरच बजावलं.

दुसऱ्या दिवशी सोपान चिपची सुई टोचून घ्यायला कुत्रं घेऊन लोणावळ्याला गेला होता.

आता अनघानं हातातलं चिप वाचायचं यंत्र कुत्र्याच्या मानेवरून फिरवलं. यंत्र वाजलं. चिपचा कागद समोर धरून तिनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला. सोपान बाहीनं सारखा घाम पुसत होता. पंधराच्या पंधरा आकडे जुळले.

"ब्रूनो!" तिनं हाक मारली. कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"त्याचं नावदेखील त्याला विसरायला लावलंत," ती चिडून म्हणाली.

ड्रायव्हरनं विमानाचा पिंजरा उघडून ठेवला. कुत्र्यांना पिंजऱ्याची सवय व्हायला महिना महिना लागतो असं अनघानं वाचलं होतं. तिनं आत एक बिस्कीट टाकलं. कुत्रं आपण होऊन आत शिरलं, बिस्कीट खाऊन आरामात बसलं आणि दुसऱ्या बिस्किटासाठी तिच्याकडे बघून शेपूट हलवू लागलं. तेवढ्यापुरती अनघा विरघळली, पण लगेच सावरली.

"आता ती दोरी," ती म्हणाली. भांडणाच्या तयारीनंच तिनं कमरेवर हात ठेवले.

शकुबाई उठली. पिंजऱ्यात हात घालून तिनं कुत्र्याच्या गळ्यातली निळी दोरी सोडली आणि अनघाच्या पायाशी टाकली.

"घ्या. आनि पुन्यांदा खोलीचं नाव काढू नका."

जिरली एकदाची, असं अनघाला वाटलं आणि तिनं ते लपवलंही नाही. दोरी पर्समध्ये कोंबून ती गाडीत बसली. गाडी लोणावळ्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत शकुबाई अंगणात उभी राहिली.

सोपान उंबऱ्यावर येऊन बसला. "दावं कशापायी दिलंस गं? घरचं दावं त्ये!"

"त्ये काय घरचं जनावर व्हतं?" शकुबाईनं फडक्यात भाकरी बांधली. "नागफणीवर येनाऱ्या-जानाऱ्याच्या बिस्किटावर जगलेला बेवारशी त्यो. जाऊ दे की इमानातनं, त्याचं तरी भलं हुईल. उठा आता. खोपटात त्याचा भाऊ सकाळपासनं उपाशी हाय, आपला मोत्या."