श्वासाची एकतीस पानं

भक्तीने पहिल्या पानावरचं रुग्णाचं नाव काळ्या पट्टीखाली झाकलं. भाषांतराच्या या कामात तो नियमच होता. मग ती एकेका स्पॅनिश ओळीसमोर इंग्रजी ओळ टाइप करू लागली.

एकतीस पानं होती. स्पेनमधल्या एका हॉस्पिटलची. न्यूमोनिया, घशातली नळी, यंत्राचा श्वास. शनिवारपर्यंत ती विमा कंपनीकडे इंग्रजीत गेली नाहीत तर पुढचं काही हलणार नव्हतं.

सेलूच्या या घरात एक सवय होती. पान झालं की भक्ती ते सासूला मराठीत सांगायची आणि कस्तुराबाई वाती वळत ऐकायच्या. यावेळीही तिने सवय मोडली नाही.

"वय चौतीस. दोन्ही फुप्फुसं खराब. उजव्या खांद्यावर भाजल्याची जुनी खूण."

"चुलीवर पडलं असंल लेकरू." कस्तुराबाईंनी हातातली वात खाली ठेवली. "जगतंय का गं?"

"तिथवर आले नाही अजून, आत्याबाई."

रोज सकाळी त्या आपल्या मुलाच्या, जीवनच्या फोनचं विचारायच्या. तो मालवाहू जहाजावर होता. समुद्रात रेंज नसते, असं भक्ती सांगायची. खांद्यावरची खूण ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते विचारणं सोडलं. रुग्णाचंच विचारू लागल्या.

"तुझ्या पेशंटनं काय खाल्लं आज?"

"नळीतून देतात पातळ काहीतरी."

"नळीतून भाकर जाती व्हय? म्हनून तर उठंना त्यो."

बुधवारी 'देस्तेते' हा शब्द आला. लेकराचं अंगावरचं दूध तोडायला स्पॅनिशमध्ये हाच शब्द, आणि माणसाला यंत्राच्या श्वासापासून तोडायलाही. भक्तीने तो समजावून सांगितला.

"तोडायलेत व्हय? जीवनला तोडताना मी कडूलिंबाचा पाला वाटून लावला होता. तीन दिवस लय रडला. मंग राहिला."

"याला दोनदा तोडून पाहिलं. दोन्ही वेळा परत जोडावं लागलं."

कस्तुराबाईंच्या हातातली वात तुटली. त्यांनी दुसरा कापूस घेतला.

शुक्रवारी दुपारी एकतिसावं पान झालं. भक्तीने फाइल पाठवली आणि लॅपटॉप मिटला.

"शेवटचं पान सांगितलं न्हाईस."

"त्यात काही नाही. तारीख, वेळ आणि सह्या आहेत नुसत्या."

कस्तुराबाईंनी वाती डब्यात भरल्या. झाकण घट्ट लावलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"झाले न्हवं कागद? मंग आता आपल्या जीवनला कवा घेऊन येतेत?"