मानलेला भाऊ

हा माणूस तुमचा कोण लागतो, असं विक्कीनं विचारलं तेव्हा रंजीताला थट्टाच वाटली. परदेशातून आलेले पैसे हातात देणारं आरमोरीतलं हे विक्कीचं दुकान, आणि बाजाराचा दिवस असल्यानं आत पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं सरळ सांगितलं, लागत कोणी नाही, जर्मनीचं गिऱ्हाईक आहे, आम्ही त्याला बांबूचे लॅम्प विकले.

झालं! खरं बोलली आणि फसली. विक्की म्हणाला, इथं घरच्यांचे नाहीतर ओळखीच्यांचेच पैसे मिळतात. धंद्याचे असतील तर आल्या पावली परत जातील.

परत जातील म्हणजे? गावातल्या चार बाया तिच्या शब्दावर पावसाळाभर बांबू चिरत बसल्या होत्या. बोटं फाटली बिचाऱ्यांची. त्यांना काय तोंड दाखवायचं? तिनं शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. निकेशला सगळं ठाऊक होतं. मोबाईल त्याचा, गिऱ्हाईकाशी एकूण एक बोलणं त्यानंच लिहून केलेलं. तिनं तर त्या माणसाचा फोटोही पाहिला नव्हता. पार्सल तिच्या नावानं गेलं म्हणून पैसे तिच्या नावानं आले, एवढंच.

"भाऊ लिवा मंग," ती म्हणाली. "मी मानलं त्याले भाऊ."

"मानलेला भाऊ कॉम्प्युटरमंदी नाई, बाई. सख्खा असंल त कागद लागते. दोस्ताले कायीच लागत नाई."

मागची रांग खुसखुसली. हसायला कोणाच्या बापाचं काय जातं? रंजीताचे कान तापले. ती नको म्हणणार, तोच निकेशनं तिला कोपरानं ढोसलं आणि दोस्त लिहा, असं विक्कीला सांगूनही टाकलं.

तेवढ्यानं भागलं नाही. खात्री करायला पैसे पोचवणाऱ्या कंपनीचा फोन आला, आणि विक्कीनं तो मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडच्या पोरीनं हिंदीत विचारलं, पैसे पाठवणारा कोण? रंजीता पुटपुटली. पोरगी म्हणाली, जोरात बोला.

"दोस्त है," तिनं साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं.

कधीपासून? ती अडखळली. निकेशनं एक बोट वर केलं. एक साल से, ती म्हणाली. मागून कोणीतरी शीळ घातली.

पैसे मिळाले. निकेशनं ते तिच्या हातून घेऊन आतल्या खिशात घातले. त्यांच्याच गावचा लटारू रांगेत होता. त्यानं जाता जाता निकेशच्या पाठीवर थाप मारली आणि डोळा मिचकावला. निकेशचं तोंड उतरलं. आधी बायांचं देऊन टाकू, असं ती गाडीवर दोनदा म्हणाली, पण त्यानं गाडीचा वेग तेवढा वाढवला.

गावात शिरताच चौघी वाटेवर उभ्या दिसल्या. निकेशनं गाडी थांबवली, पण खिशाला हात लावला नाही.

"लॅम्पचे पैसे नाई आले," तो त्यांना म्हणाला. "इच्या दोस्ताचे आले. विचारा इले. साऱ्या दुकानात इच्याच तोंडानं सांगतलं इनं."