वैजयंतीची सायकल

पन्नाशीत वैजयंतीला सायकल शिकावीशी वाटली आणि तिच्या नवऱ्याने, मुकुंदरावांनी, अभ्यासाला सुरुवात केली. तीन महिने त्यांनी व्हिडिओ पाहिले, मिरजेतली दुकानं पालथी घातली, तिची उंची दोनदा मोजली. "नवशिक्या बाईला गिअर नकोत, गोंधळ होतो," असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ते स्वतः आयुष्यात कधी सायकलवर बसले नव्हते, त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती होतं.

रविवारी ते तिला दुकानात घेऊन गेले. दुकानदारही सगळी माहिती त्यांनाच देत होता. सीटच्या उंचीवर दोघांचं एकमत होईपर्यंत वैजयंती दारातली गिअरची सायकल घेऊन चौकाला वळसा घालून आली.

"तू कधी शिकलीस?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तुमचा अभ्यास चालला होता तेव्हा. आपल्याकडची धुणंभांडी आटोपली की शेवंताबाई मला त्यांच्या सायकलवर बसवायच्या. चारदा पडले."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही आत व्हिडिओ बघत होतात."

दुकानदार गिअरच्या सायकलचं बिल करायला आत गेला, तेव्हा मुकुंदराव हळूच म्हणाले, "मला शिकवशील?"