पाचवी मॅच

"आई, या वेळी तरी पाहुण्यांना घरी बोलाव," माझा मुलगा विजय काकुळतीला आला. "वैभवी तीस वर्षांची झालीय."

"झालीय ना? मग लपवायची कशाला?" मी म्हटलं, आणि इथल्याच, दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या स्थळाला थेट मैदानाचा पत्ता पाठवायला लावला.

माझी नात गेलिक फुटबॉल खेळते. खेळ आयर्लंडचा. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि लाथही मारायची. तिच्या हॉस्पिटलातल्या आयरिश नर्सबायांनी टीम काढलीय. या सीझनला चार मॅच खेळल्या, चारही हरल्या. पण पाचवीला एकजण गैरहजर असेल तर शपथ.

या मॅचला वैभवी दोनदा आपटली, गुडघा सोलवटला. मुलाच्या आईने डोळेच झाकले. "अहो आजी, बाहेर बोलवा तिला!"

"उठेल ती. तुम्ही बसा."

उठली. लंगडत का होईना, शिट्टी वाजेपर्यंत पळाली. हरल्या त्या हरल्याच. पण मुलगा, निनाद त्याचं नाव, भर उन्हात उभा राहून असा काही ओरडत होता की शेवटी घसा बसला त्याचा.

"अशी कुठे मुलगी दाखवतात का?" त्याची आई फणकारली.

"आम्ही अशीच दाखवतो," पिशवीतून पोह्यांचा डबा काढत मी म्हटलं. "आधीची चार स्थळं हाफटाइमलाच उठून गेली. आज पहिल्यांदाच हा डबा उघडतेय."