दुसरा फोटो

चष्मेवाल्याची ही पाचवी तारीख होती. दर वेळी दुकान बंद ठेवायचं, पाठ अवघडेपर्यंत कोर्टातल्या बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन घरी जायचं. लाल सिग्नल तोडल्याचं ते चलन आता त्याच्या मानगुटीवरच बसलं होतं.

"भाऊजी, म्हातारी आडवी आली म्हणून सांगा," मेहुण्याने शिकवलं होतं. "तिला वाचवायला गाडी बाजूने पुढे काढली म्हणायचं. म्हातारीपुढे कोण काय बोलणार?"

म्हातारीबितारी काही नव्हती. नोटिशीसोबत आलेले दोन्ही फोटो त्याने दहादा पाहिले होते. एकात गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, दुसऱ्यात पलीकडे. बाकी रस्ता मोकळा.

पुकारा झाला. तो गुडघे धरत उठला आणि पाठ केलेलं बोलून मोकळा झाला. म्हातारीच्या हातात हिरवी पिशवी होती, असंही सांगायचं त्याने बसल्या बसल्या ठरवलं होतं; पण ऐन वेळी कंटाळा आला आणि ते राहूनच गेलं.

न्यायाधीशबाईंनी कागद चाळले. पहिल्या फोटोपाशी त्या थांबल्या.

"खरंय. दिसतायत की आजी. हिरवी पिशवी घेतलेल्या."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

बाईंनी दुसरा फोटो उचलला. मग फोटो त्याच्यासमोर धरून हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि यात चाकापाशी नुसती पिशवीच कशी?"